वायर कोणी चुकवली, आणि चुकलेली वायर का कळली नाही?

दिव्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या रोज दिवा ते ठाणे आणि पुढे ट्रान्स-हार्बरने ऐरोली असा प्रवास करतात. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. ती जागा त्यांच्या रोजच्या वाटेवरची. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "प्रत्येक अपघातानंतर ‘चौकशी समिती नेमली’ एवढंच कानावर येतं. अमेरिकेत, कॅनडात यासाठी वेगळी राष्ट्रीय संस्था असते आणि ती कुणालाच दोषी ठरवत नाही, असं वाचलं. दोषी ठरवायचंच नसेल तर चौकशी कशाला? आपल्याकडे असं काही आहे का? आणि आमच्यासारख्या प्रवाशांना त्यात काही करता येतं का?"

मी सिग्नलिंगमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रिले रूम आणि लोकेशन बॉक्सपाशी, म्हणजे सिग्नलच्या वायरिंगच्या खोल्या आणि रुळांलगतची लोखंडी कपाटं यांच्यापाशी. अपघाताच्या चौकशीत टेबलाच्या अलीकडेही बसलो आणि दोनदा साक्ष देणाऱ्याच्या खुर्चीतही बसलो. आता ठाण्यात निवृत्त आयुष्य जगतोय, तेव्हा सवडीने लिहितो.

ताई, "दोषी ठरवायचं नसेल तर चौकशी कशाला" हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर आम्हा सिग्नलवाल्यांना एका वायरने शिकवलं.

१२ डिसेंबर १९८८, सोमवार, सकाळची ऑफिसची गर्दी. लंडनमध्ये क्लॅफम जंक्शनजवळ एका गाडीच्या ड्रायव्हरला समोरचा सिग्नल अचानक लाल झालेला दिसला. नियमाप्रमाणे तो पुढच्या सिग्नलला थांबला आणि फोन करायला खाली उतरला. त्याच्या गाडीच्या मागचा सिग्नल लाल असायला हवा होता. तो नव्हता. मागची गाडी वेगात येऊन आदळली, आणि शेजारच्या रुळावरून येणारी रिकामी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. ३५ माणसं गेली.

इथे थोडं यंत्र समजून घ्या. रुळांतून अगदी कमी दाबाचा करंट सोडलेला असतो आणि तो पलीकडे एका रिलेला, म्हणजे करंटवर चालणाऱ्या स्विचला, उचलून धरतो. गाडी आली की तिच्या चाकांमधून करंट शॉर्ट होतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. केबल तुटली, बॅटरी गेली, तरीही रिले पडतोच. म्हणजे बिघाड झाला तर गाड्या थांबाव्यात, हाच सगळ्या रचनेचा पाया. सिग्नलवाल्याचं सगळ्यांत वाईट स्वप्न एकच: रुळावर गाडी उभी आहे आणि रिलेला भलतीकडून करंट मिळतोय.

क्लॅफमला तेच झालं. दोन आठवडे आधी रिले रूममध्ये नवं वायरिंग चालू होतं. एका टेक्निशियनने जुनी वायर एका टोकाला सोडवली, दुसऱ्या टोकाला तशीच ठेवली. तिचं मोकळं टोक कापलं नाही, त्याला टेप गुंडाळली नाही, नुसतं बाजूला वाकवलं. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत दुसरं काम निघालं, वायरींना धक्का लागला, आणि ते उघडं टोक आपल्या जुन्या जागी जाऊन टेकलं. रिले उचलला गेला.

आता ‘कोण’ असं विचारलं तर उत्तर पाच मिनिटांत मिळतं: तो टेक्निशियन. त्याने कबूलही केलं. पण अँथनी हिडन यांच्या अध्यक्षतेखालची चौकशी तिथे थांबली नाही. तिने विचारलं, हा माणूस त्या दिवशी किती दमलेला होता? त्याआधीच्या तेरा आठवड्यांत त्याला एकच सुट्टी मिळाली होती. वायर अशी अर्धवट सोडायची सवय त्या दिवसाची होती का? नाही, वर्षानुवर्षांची होती आणि कुणी कधी टोकलं नव्हतं. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे वायरी मोजायच्या असतात. ती मोजणी का झाली नाही? मोजणी कुणाची जबाबदारी हेच नीट ठरलेलं नव्हतं. अहवालात ९३ शिफारशी आल्या. सिग्नलवाल्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा घाला, वायरींची मोजणी आणि टेस्टिंग सक्तीचं करा, ही त्यातलीच कलमं. त्या टेक्निशियनला तुरुंगात टाकून विषय मिटवला असता, तर दुसऱ्या कुठल्या तरी रिले रूममध्ये तसाच दमलेला दुसरा माणूस तशीच वायर वाकवून ठेवत राहिला असता.

‘कोण’ या प्रश्नाने तोंडं बंद होतात, ‘का’ या प्रश्नाने उघडतात. हे मी पुस्तकातून सांगत नाही. साल आणि ठिकाण लिहीत नाही, माणसं ओळखू येतील.

मालगाड्यांचं यार्ड, पावसाळ्यातली रात्र. पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, तीन वाघिणी घसरल्या. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. अशा वेळी जागेवर एक कागद तयार होतो, त्याला आमच्याकडे ‘जॉइंट नोट’ म्हणतात. रुळांचा सुपरवायझर, वॅगनचा, सिग्नलचा, ऑपरेटिंगचा, सगळे टॉर्च घेऊन एकत्र मापं घेतात: गेज (दोन रुळांमधलं अंतर) किती, चाकाची झीज किती, पॉइंटची सरकणारी पट्टी रुळाला किती टेकली. त्या रात्री चौघे एका ताडपत्रीखाली उभे होते. टेपवर आकडा एकच दिसत होता, पण तो कागदावर कसा लिहायचा यावर पहाटेपर्यंत वाद चालला. प्रत्येकाला एकच काळजी, आपल्या खात्यावर येता कामा नये.

त्याच दुपारी तिथली पॉइंटची मोटर बदलली होती. मोटर बदलल्यावर पट्टी आणि रूळ यांच्यामध्ये पाच मिलिमीटरचा तुकडा ठेवून पॉइंट फिरवायचा असतो. अडथळा असताना पॉइंट लॉक झाला तर तो धोकादायक. चौकशीत टेक्निशियनला विचारलं, "टेस्ट केली होती?" तो म्हणाला, "केली, साहेब." टेबलाभोवतीच्या आम्हा सगळ्यांना कळलं की केलेली नाही. त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला, वेतनवाढ थांबली, फाइल बंद झाली.

पुढे कित्येक महिन्यांनी एका स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेताना तो आपणहून बोलला. मोटर बदलायला दोन तासांचा ब्लॉक (गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ) मागितला होता, मिळाला चाळीस मिनिटांचा. वॉकीटॉकीवर सारखं चालू होतं, "कधी देताय? गाडी उभी आहे." शेवटचा बोल्ट आवळला आणि त्याने रिकनेक्शनचा, म्हणजे पॉइंट पुन्हा वापरायला तयार असल्याचा, कागद सही करून दिला. "टेस्टला दहा मिनिटं लागली असती, साहेब. ती दहा मिनिटं मागायची माझी ताकद नव्हती." आमच्या अहवालात ब्लॉक कापल्याबद्दल एक ओळ नाही. त्या टेबलावर मी होतो, आणि "तुला वेळ किती मिळाला होता?" हा साधा प्रश्न मी विचारला नाही. आजही ते मनातून जात नाही.

म्हणून विमान अपघातांच्या तपासासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात, तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे आणि दोष किंवा जबाबदारी वाटणं हा त्याचा हेतू नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हे परिशिष्ट १९५१ पासून आहे. पोलीस आणि न्यायालयं आपलं काम करतातच, ती कुणी काढून घेत नाही. फक्त दोन्ही कामं एकाच टेबलावर करायची नाहीत. ज्या टेबलावर माणसाला शिक्षेची भीती आहे, तिथे तो "केली, साहेब" असंच म्हणणार.

तुम्ही अमेरिकेचं विचारलंत. तिथल्या संस्थेचं नाव नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड, लोक एनटीएसबी म्हणतात. १ एप्रिल १९६७ ला ती सुरू झाली, पण तेव्हा परिवहन खात्याच्या छपराखाली होती. लवकरच कळून आलं की हे चालणार नाही. अपघाताच्या कारणांमध्ये कधीकधी खुद्द परिवहन खात्याचा नियम किंवा ढिसाळ देखरेखही असते, आणि ज्याच्या घरात राहायचं त्याच्यावर बोट कसं ठेवायचं? १९७५ पासून ती पूर्ण स्वतंत्र झाली. पाच सदस्य, राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते, आणि एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसावेत असा नियम. विमान, रेल्वे, रस्ता, जहाज, पाइपलाइन, सगळ्यांतले मोठे अपघात तीच बघते. कॅनडाची संस्था १९९० ची, तिच्याकडे विमान, रेल्वे, जहाज आणि पाइपलाइन आहेत.

काम कसं चालतं ते सांगतो. एक पथक कायम तयारीत असतं, फोन आला की काही तासांत निघतं. त्यात एक जण फक्त यंत्र बघतो, एक रेकॉर्डर, एक हवामान, एक माणसांचं काम आणि झोप, एक वाचलेले कसे वाचले ते. ड्रायव्हर, वैमानिक, खलाशी, जो कोणी असेल त्याचे अपघाताआधीचे ७२ तास तासागणिक मांडले जातात: कधी झोपला, कधी उठला, काय खाल्लं, कोणती ड्युटी. माझ्या मते सगळ्या तपासातलं हे सगळ्यांत माणुसकीचं पान आहे. तज्ज्ञ म्हणून विमान किंवा इंजिन बनवणारी कंपनी, कामगार संघटना यांनाही तपासात बसवतात, कारण यंत्र त्यांनाच माहीत असतं. विमा आणि दाव्याच्या वकिलांना मात्र बसू देत नाहीत. कारण काय ठरवायचं, ते बोर्डच ठरवतं. जमवलेली कागदपत्रं लोकांसाठी खुली करतात, आणि मोठ्या अपघातात शेवटचं कारण सगळ्यांसमोरच्या बैठकीत मतदानाने ठरतं. बोर्डाचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, अशी कायद्यातच तरतूद आहे.

एवढं करून या संस्थेला कुणालाही हुकूम देता येत नाही. दंड नाही, परवाना रद्द करणं नाही. ती फक्त शिफारस करते. तुम्ही म्हणाल, मग दात कुठे आहेत? दात आहेत पाठपुराव्यात. प्रत्येक शिफारशीला नंबर असतो, परिवहन खात्याला ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर समाधानकारक की असमाधानकारक हा शेरा सगळ्यांना वाचता येतो. अशा पंधरा हजारांहून जास्त शिफारशी आजवर झाल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक मान्य झाल्या. दहा वर्षं एखादी शिफारस ‘असमाधानकारक’ म्हणून लोंबकळत राहिली आणि अकराव्या वर्षी तसाच अपघात झाला, तर कुणालाच "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

अलीकडचं उदाहरण पुन्हा वायरचंच आहे. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोर बंदरातून निघालेलं ‘डाली’ हे प्रचंड मालवाहू जहाज वीज गेल्यामुळे पुलाच्या खांबावर आदळलं. पूल कोसळला, पुलावर रात्रपाळीत दुरुस्ती करणारे सहा कामगार गेले. जहाजावर हजारो वायरी. तपासात सापडलं ते असं: एका वायरवर चढवलेली नावाची पट्टी जागा सोडून बसली होती, त्यामुळे ती वायर टर्मिनलमध्ये पूर्ण आत गेलीच नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला ती व्यवस्थित जोडलेली दिसत होती. आणि बोर्ड तिथेही थांबलं नाही. त्याने विचारलं, एवढं जहाज आदळलं तर पूल टिकेल का, हे आधी कुणी तपासलं होतं का? जहाजाच्या कारणाचा निकाल लागायच्या कितीतरी आधी, मार्च २०२५ मध्ये, १९ राज्यांमधल्या ६८ पुलांच्या मालकांना धोका तपासून घ्यायची शिफारस गेली. अंतिम अहवालाची वाट बघत बसायची नाही, तातडीचं असेल ते आधी सांगायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मी ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो तो. मोठा अपघात क्वचितच आधी न सांगता येतो. लंडनच्याच लॅडब्रोक ग्रोव्हला ५ ऑक्टोबर १९९९ ला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, ३१ जण गेले. एका नवख्या ड्रायव्हरने एसएन १०९ नंबरचा लाल सिग्नल ओलांडला होता. तोच सिग्नल त्याआधी सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा वेगवेगळी माणसं चुकतात तेव्हा सिग्नलकडे बघायला हवं. तो रुळांवरच्या लोखंडी कमानींच्या गर्दीत नीट दिसतच नव्हता, सकाळचं ऊन थेट त्यावर पडायचं. या अपघाताच्या चौकशीनंतरच ब्रिटनमध्ये रेल्वेसाठी स्वतंत्र तपास संस्था उभी राहिली, २००५ मध्ये.

वॉशिंग्टनजवळ १ डिसेंबर १९७४ ला एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. उतरायची परवानगी मिळाली म्हणजे लगेच खाली जायला हरकत नाही, असा वैमानिकांचा समज झाला होता. दीड महिना आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान अगदी याच समजुतीमुळे त्याच जागी थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं, पण ते बाकीच्यांपर्यंत पोचलंच नाही. त्यानंतर १९७६ मध्ये, चूक किंवा थोडक्यात टळलेली घटना नाव गुप्त ठेवून कळवायची सोय झाली. ती चालवायला दिली ‘नासा’कडे, कारण विमानांना परवाने देणाऱ्या खात्याकडे कुणी मोकळेपणाने कळवलं नसतं. आणि तरीही २९ जानेवारी २०२५ ला त्याच शहरात प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले, तेव्हा बोर्डाने जुन्या नोंदी काढल्या: सव्वातीन वर्षांत विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांच्या नको इतक्या जवळ आल्याच्या १५,२१४ घटना, त्यातल्या ८५ तर अगदी गंभीर. आकडे कुणाच्या तरी संगणकात होते. विचारलं नव्हतं कुणी.

आणि आपलं बहानगा बाजार. २ जून २०२३, संध्याकाळी सातच्या सुमाराला. कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण पॉइंट लूप लाइनकडे, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळाकडे, लागलेला होता, आणि लूपवर भरलेली मालगाडी उभी. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने गाडी त्यावर गेली, तिचे डबे शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर आदळले. २९० हून अधिक माणसं गेली. त्या रात्री मी घरी टीव्हीसमोर बसलो होतो. सिग्नल हिरवा आणि पॉइंट उलटा, हे ऐकलं आणि अंगावर काटा आला, कारण आमच्या रचनेत हे व्हायलाच नको. असं होतं ते फक्त वायरिंगमध्ये कुणी हात घातला असेल तर.

तसंच निघालं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आलं की सिग्नलच्या गुमटीत (रुळांलगतच्या छोट्या खोलीत) पूर्वी केलेल्या सर्किटच्या बदलात दोष राहिले होते, लोकेशन बॉक्समधल्या वायरींवरची नावं चुकीची होती आणि ती वर्षानुवर्षं तशीच होती. त्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाचं इलेक्ट्रिक बॅरियर बदलायचं काम निघालं आणि जुनी चूक जागी झाली. यात मला सगळ्यांत जास्त टोचतं ते पुढे आहे. १६ मे २०२२ ला, म्हणजे वर्षभर आधी, खरगपूर विभागातल्याच बांकडानयाबाज स्टेशनवर चुकीच्या वायरिंगमुळे गाडी सिग्नलने दाखवलेला मार्ग सोडून भलत्याच मार्गावर गेली होती. कुणी दगावलं नाही, म्हणून बातमीही झाली नाही. आयुक्तांच्या अहवालात स्पष्ट आहे की तेव्हाच सगळीकडे वायरिंग तपासून दुरुस्त केलं असतं, तर बहानग्याचा अपघात झाला नसता.

त्या अपघाताचा तपास सीबीआयकडेही गेला, सिग्नल खात्यातल्या तिघांना अटक झाली. त्यांचा न्याय न्यायालय करेल. मला त्या बॉक्ससमोर उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण असे शेकडो बॉक्स मी उघडले आहेत. लोखंडी कपाट, आत टर्मिनलच्या रांगा, पावसाळ्यात दाराच्या रबरातून ओल आलेली. नावाच्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडून गळालेल्या, कुणीतरी मार्करने नवं नाव लिहिलेलं, तेही अर्धं पुसलेलं. हातात सर्किटची झेरॉक्स, तिच्यावर तीन वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या दुरुस्त्या. आणि कानाला वॉकीटॉकी. अशा जागी चुकीचं नाव बरोबर आहे असं मानून काम करणारा माणूस वाईट असायची गरज नाही.

आपल्याकडे संस्था नाही असं मात्र नाही. रेल्वे सुरक्षा आयोग ब्रिटिश काळातल्या रेल्वे निरीक्षकांपासून चालत आलाय. १९४१ मध्येच त्याला रेल्वेच्या हाताखालून बाहेर काढलं, आणि १९६७ पासून तो नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाखाली आहे. रेल्वेचा तपास हवाई वाहतूक मंत्रालयाकडे, हे ऐकून लोक चकित होतात, पण विचार तोच आहे, ज्याचा अपघात त्याने स्वतःचा तपास करू नये. नवी लाइन सुरू करायलाही आयुक्तांची मंजुरी लागते. नव्या मुंबईत बेलापूर–पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये धावायला लागली, त्याआधी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र घ्यावं लागलं होतं. अडचण अशी की आयुक्त रेल्वेच्याच सेवेतून येतात, आणि त्यांच्या शिफारशींचं पुढे काय झालं हे सामान्य माणसाला सहज बघता येत नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्येच रेल्वे बोर्डापासून वेगळं, कायद्याने उभं केलेलं सुरक्षा प्राधिकरण हवं असं सुचवलं होतं. माझं मत विचाराल तर आजही पहिलं काम तेच आहे.

विमानांसाठी २०१२ पासून विमान अपघात तपास ब्युरो आहे. त्याआधी विमानांचा तपास नियामक खातंच करायचं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळून २६० जण गेले, तेव्हा ब्युरोने महिन्याभरात, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल दिला. त्यात दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. दुसऱ्याच दिवशी अनेकांनी निकाल लावून टाकला. प्राथमिक अहवाल म्हणजे निकाल नसतो, ताई. तोवर काय काय सापडलं याची ती नोंद असते; ‘का’ हा प्रश्न त्यात अजून उघडाच असतो. शिफारशींचा उपयोगही आपल्याकडे झालेला आहे. १९९६ मध्ये चरखी दादरीला दोन विमानं हवेत धडकून ३४९ जण गेले, त्यानंतर समोरून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारं यंत्र भारतीय आकाशात सक्तीचं झालं.

रस्त्यावर मात्र सगळाच अंधार आहे. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, आणि त्यांच्यासाठी अशी एकही तपास संस्था नाही. घोडबंदर रोडला गायमुख घाटात ट्रक उलटला की पोलिसांच्या कागदावर तेच वाक्य येतं, "हयगयीने, निष्काळजीपणे व भरधाव वेगात वाहन चालवून". खड्डा, उतार, न दिसणारा दुभाजक, ड्रायव्हर किती तास गाडीवर होता, यातलं काहीही त्या वाक्यात मावत नाही.

आता मुंब्रा. इथे कायद्यातला एक शब्द आडवा येतो. आयुक्तांची चौकशी होते ती गाडीला झालेल्या अपघातासाठी, म्हणजे टक्कर झाली, गाडी घसरली, अशा वेळी. गाडीतून प्रवासी पडला तर रेल्वे कायद्याच्या १२३ व्या कलमात त्याला ‘अनुचित घटना’ म्हणतात. १२४-अ कलमाखाली भरपाई मिळू शकते, पण तपासाचं ते मोठं यंत्र हलत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गावर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसं गेली, एकेक करून, वेगवेगळ्या तारखांना. म्हणून ती ‘अपघात’ ठरली नाहीत. मुंब्र्याला अनेक जण एकाच वेळी पडले, म्हणून देश हलला, आणि लगेच ठरलं की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील, बिनवातानुकूलित गाड्यांतही, हवा यावी म्हणून दारांना झरोके आणि छतावर वायुवीजन. निर्णय चांगलाच आहे. पण त्या वळणावरून रोज जाणाऱ्या माणसांना तिथला झोका आधीपासून माहीत होता. तो नोंदवून घेणारं टेबल नव्हतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, प्रवाशाला काय करता येतं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी लागते तेव्हा वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते: ज्यांना अपघाताबद्दल माहिती असेल त्यांनी अमुक तारखेला अमुक ठिकाणी यावं किंवा लेखी कळवावं. बहुतेकांना वाटतं ही औपचारिकता आहे, आणि येतात ते फक्त कर्मचारी. तुम्ही जा. वकील लागत नाही. जाता आलं नाही तर लिहून पाठवा, मराठीत लिहिलं तरी चालतं.

आणि लिहिताना कारण लिहू नका, बघितलेलं लिहा. कोणती गाडी, कितवा डबा, तुम्ही दारापासून किती माणसं आत होतात. आधी आवाज आला की आधी धक्का बसला. दिवे होते का. खांद्यावरची बॅग कुठल्या बाजूला ओढली गेली. गाडी त्या जागी रोज हलते तेवढीच हलली की जास्त. घटना घडल्या दिवशीच, कुणाशी चर्चा करायच्या आधी, मोबाइलवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा, कारण दोन दिवस टीव्ही पाहिल्यावर आपल्यालाही न पाहिलेलं आठवायला लागतं. फोटो काढला असेल तर तो कापू नका, उजळवू नका, मूळ फाइल ठेवा. आणि अपघात झालेला नसतानाही, रोजच्या वळणावर एखाद्या दिवशी झोका वेगळा वाटला, तर तारीख, वेळ आणि गाडी लिहून स्टेशन मास्तरांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. बांकडानयाबाजसारख्या न गाजलेल्या घटनेला अशी एक तारखेची नोंद फार उपयोगी पडते.